सिंगापूरचं रेनफॉरेस्ट: बुकित तिमाह की मॅकरिची?

सिंगापूरला जाताय आणि एक सकाळ जंगलासाठी काढलीय, तर प्रश्न बहुतेक या दोनच नावांपाशी येऊन अडतो. दोन्हीकडे एमआरटीने (तिथल्या मेट्रोने) जाता येतं, एंट्री फुकट आहे, दोन्हीकडे माकडं आहेत आणि दोन्हीकडे घामाने टीशर्ट पिळून काढावा लागतो, त्यामुळे लोक म्हणतात कुठेही जा, सगळं सारखंच. मला ते अजिबात पटत नाही.

आधी बुकित तिमाह. ब्युटी वर्ल्ड स्टेशनला उतरायचं, तिथून चालत गेट, आणि गेटपासूनच चढ सुरू. माथा १६३.६३ मीटर म्हणजे सिंगापूरची सगळ्यात उंच नैसर्गिक टेकडी, आकडा ऐकून गड चढणारी माणसं हसतील पण डांबरी वाट अशी उभी आहे की त्या दमट हवेत पोटऱ्या बोलायला लागतात. माथ्यावरून फार काही दिसत नाही, व्ह्यूसाठी जाणार असाल तर निराश व्हाल हे आत्ताच सांगते. इथे यायचं ते झाडांसाठी. १८८३ पासून राखलेलं हे जंगल, आणि शहर एवढं वाढलं तरी मूळच्या जुन्या जंगलाचे तुकडे इथे टिकून राहिलेत. सेराया वगैरे डिप्टेरोकार्प कुळातली (आग्नेय आशियाच्या रेनफॉरेस्टमधली उंचच उंच वाढणारी) झाडं सरळ वर गेलेली, मान मागे टाकून बघितलं तरी शेंडा सापडत नाही. १८५४ मध्ये ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस इथे येऊन राहिला होता आणि साधारण दोन महिन्यांत त्याला भुंग्यांच्याच ७०० च्या आसपास जाती मिळाल्या, आणि त्या फार मोठ्या भागातून नाही, एवढ्याशा पट्ट्यातून! आजही रिझर्व्ह जेमतेम १६३ हेक्टरचं आहे, म्हणून तर त्याची इतकी जपणूक करावी लागते. आधीच एवढंसं, त्यात १९८० च्या दशकात एक्सप्रेसवे काढून ते शेजारच्या मोठ्या जंगलापासून तोडलं गेलं, मग २०१३ मध्ये प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून रस्त्यावरून झाडं लावलेला पूल बांधला. पायवाटा आणि उतार दुरुस्त करायला २०१४ ते २०१६ हे बराच काळ बंदही ठेवलं होतं, म्हणून ठरवून दिलेली वाट सोडून आत घुसू नका, प्लीज.

त्या एक्सप्रेसवेच्या पलीकडचं मोठं जंगल म्हणजे सेंट्रल कॅचमेंट, २००० हेक्टरच्या वर, आणि मॅकरिची त्यातच येतं. इथलं जलाशय १८६० च्या दशकातलं, सिंगापूरमधलं सगळ्यात जुनं. पण जंगलाचा बराच भाग पूर्वी गँबियर (कातडी कमवायला वापरतात ती वनस्पती) आणि मिरीच्या लागवडीसाठी तोडलेला होता, नंतर तो पुन्हा वाढला, त्यामुळे झाडं तुलनेने बारीक आणि दाटीवाटीची. चालायला मात्र मजा इथेच जास्त. पाण्याकाठचा लाकडी बोर्डवॉक सपाट आहे, घोरपडी निवांत फिरत असतात, आणि पूर्ण फेरी मारली तर १०-११ किलोमीटर होतात, म्हणजे चार तास तरी धराच. खरं आकर्षण ट्रीटॉप वॉक, २५० मीटर लांबीचा झुलता पूल, सगळ्यात उंच जागी जमिनीपासून २५ मीटरवर. झाडाचा शेंडा डोळ्यासमोर येतो ही गोष्ट बुकित तिमाहला मिळत नाही. पूल अरुंद आणि वन-वे आहे, सोमवारी बंद असतो आणि मेंटेनन्ससाठीही बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी एनपार्क्सच्या (सिंगापूरच्या सरकारी उद्यान खात्याच्या) साइटवर बघाच, नाहीतर एवढं चालून जायचं आणि कुलूप बघून परत यायचं. कॅल्डिकॉट किंवा मेरिमाउंट स्टेशन जवळ, पण फक्त पूलच बघायचा असेल तर व्हीनस ड्राइव्हच्या बाजूने आत शिरा, बरंच अंतर वाचतं.

मग जायचं कुठे? हातात दोन-तीन तासच असतील तर बुकित तिमाह, माझं मत ठाम आहे, कारण असं जुनं जंगल शहराच्या इतक्या जवळ फार कमी ठिकाणी उरलंय. गुडघे कुरकुरत असतील, लहान मुलं किंवा आईबाबा बरोबर असतील तर मॅकरिचीचा बोर्डवॉक, पुलाचा हट्ट सोडा, कारण त्या वाटेवर पायऱ्या आणि चढउतार आहेतच. अख्खा दिवस मोकळा असेल आणि चालायची हौस असेल तर मॅकरिचीची पूर्ण फेरी.

माकडांचं दोन्हीकडे सारखंच: हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की त्यांना खाऊच वाटतो, म्हणून सगळं सॅकमध्ये. खायला घालू नका, पहिल्याच वेळी ५००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दंड नसता तरी घालू नये, चटक लागलेलं माकड माणसांच्या अंगावर येतं आणि शेवटी त्रास त्यालाच होतो. पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या, सकाळी सातला सुरू करा, कारण दुपारी वीज-पाऊस कधीही येतो, नोव्हेंबर ते जानेवारी तर जास्तच, आणि गडगडाट ऐकू आला की माथा असो की पूल, फोटो राहू द्या आणि खाली या.