परदेशात जाऊन व्हॉलंटियरिंग की घरबसल्या ऑनलाइन?

बहिणीच्या पोराला बाहेरच्या देशात काम करायचंय म्हणते, म्हणून दोन्ही रस्ते सांगतो.

एक, प्रत्यक्ष जायचं. यूएन व्हॉलंटियर्स ही संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक पाठवणारी संस्था 1970 पासून आहे, मुख्यालय जर्मनीत बॉनला, निवड झाली की राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळते. पण स्वतःचे पैसे भरून दोन आठवडे शाळा रंगवायला जायचं हे मला अजिबात पटत नाही, तिथल्या पेंटरची रोजी जाते न भाऊ!

दुसरं ऑनलाइन. पैसे नाही मिळत, पण 2010 च्या हैती भूकंपानंतर जगभरच्या लोकांनी सॅटेलाइट फोटो पाहून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भर घालू शकते अशा फुकट ऑनलाइन नकाशावर, रस्ते अन् घरं काढली आणि बचाववाल्यांनी तोच नकाशा वापरला. मी पण मे महिन्यात नागपूरच्या धरमपेठेत कूलरसमोर बसून असं काम केलंय, एकेका छपराचे चार कोपरे क्लिक करायचे, भिंत आहे का झाडाची सावली हे झूम करकरून पाहायचं, चुकलं की तपासणारा परत पाठवतो, डोळे दुखतात पण मन लागते.

मला वाटते पुढे हेच वाढणार. फक्त नर्स, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर यांनी मात्र जायलाच पाहिजे, अन् तेही वर्षभर राहायच्या तयारीनं.