रिपोर्ट दर महिन्याला यायचा, फायरवॉलकडे मात्र कुणीच बघत नव्हतं

फायरवॉलची, म्हणजे ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये पहारा देणाऱ्या डिव्हाइसची, देखभाल बाहेरच्या कंपनीकडे द्यायचा विचार चालू असेल, तर हा अनुभव वाचा आणि मग सही करा. आम्हाला फसवणाऱ्यांचं नाव इथे घेत नाही. पैशांचा वाद अजून मिटलेला नाही. शिवाय नावापेक्षा त्यांची पद्धत कळणं जास्त कामाचं आहे, कारण उद्या हाच माल दुसऱ्या पाटीखाली तुमच्या गळ्यात मारला जाऊ शकतो.

आमचा व्यवसाय मध्यम आकाराचा. हिशेब, स्टॉक, ऑर्डरी सगळं एका सर्व्हरवर. आयटीचा वेगळा विभाग नाही; ऑफिसचं बाकी सगळं बघता बघता तेही मीच बघतो. ‘मॅनेज्ड फायरवॉल’ ही सेवा अशाच लोकांसाठी असते. डिव्हाइस ते बसवणार, रूल (काय सोडायचं, काय अडवायचं याचे नियम) ते लावणार, फर्मवेअर (डिव्हाइसचं आतलं सॉफ्टवेअर) आणि सिग्नेचर (ओळखीच्या हल्ल्यांच्या खुणा) अपडेट ठेवणार, लॉगवर (घडामोडींच्या नोंदींवर) चोवीस तास नजर ठेवणार आणि महिन्याच्या शेवटी रिपोर्ट पाठवणार. कल्पनेत काहीच वाईट नाही, आणि ती मनापासून राबवणारे लोकही आहेत. अडचण एवढीच की हे काम डोळ्यांना दिसत नाही. रंगकाम झालं नाही तर भिंत बोलते, लॉग कुणी वाचले नाहीत तर काहीच बोलत नाही.

फसवणूक नेमकी कुठे झाली ते कळायला फायरवॉल काय करते हे थोडक्यात सांगतो. आतबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर (डेटाच्या लहान तुकड्यावर) कुठून आलं, कुठे चाललं आणि कोणत्या पोर्टवर (कोणत्या सेवेच्या क्रमांकाच्या दारावर), हे लिहिलेलं असतं. फायरवॉल ते रूलच्या यादीशी वरून खाली ताडून बघते. जो रूल पहिल्यांदा जुळेल तो लागू, त्याच्या खालचे वाचलेसुद्धा जात नाहीत. शेवटपर्यंत काहीच जुळलं नाही तर पॅकेट टाकून दिलं जातं. आतून कुणी बाहेरची साइट उघडली की त्या जोडणीची नोंद स्टेट टेबलमध्ये (चालू जोडण्यांच्या यादीत) होते, आणि तिचं उत्तर परत येताना वेगळी परवानगी लागत नाही. ही पद्धत १९९० च्या दशकात रुळली आणि आजही पाया तोच आहे. आयपीएस (हल्ल्याच्या खुणा ओळखून अडवणारी यंत्रणा), वेब फिल्टर, अँटिव्हायरस हे सगळे त्यावरचे मजले, आणि बहुतेक उत्पादकांकडे त्यांचं लायसन्स ठरावीक मुदतीचं असतं.

म्हणजे सगळा खेळ रूलच्या क्रमाचा. नेमका तिथेच आमचा कारभार उघडा पडला.

सुरुवात झाली हिशेब विभागातल्या एका तक्रारीने. सकाळी आल्यावर लॉगिन लॉक झालेलं असायचं. पासवर्ड चुकला असेल म्हणून आधी कुणी फार लक्ष दिलं नाही. मग ओळखीच्या एका सिस्टिम अ‍ॅडमिनला सर्व्हरचा इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) उघडायला लावला. सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ या क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती. विंडोजमध्ये हा क्रमांक म्हणजे फसलेला लॉगिन. रात्रभर, दर काही सेकंदांना एक, कधी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ या नावाने, कधी ‘टेस्ट’, कधी ‘अकाउंट्स’. सगळे आयपी पत्ते बाहेरचे. तो एवढंच म्हणाला, “तुमचा ३३८९ बाहेर उघडा आहे का?”

३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं, दुरून मशीन चालवण्याच्या सोयीचं पोर्ट. ते इंटरनेटवर उघडं ठेवलं की पासवर्ड ओळखून बघणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) आपोआप येऊन धडकतात, त्यांना निमंत्रण लागत नाही. डॅशबोर्ड बघण्यापुरतं एक रीड-ओन्ली लॉगिन कंपनीने आम्हाला दिलेलं होतं. त्यातून रूलची यादी उघडली. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून येणारी जोडणी आतल्या मशीनकडे वळवणाऱ्या यादीत) ३३८९ थेट सर्व्हरकडे वळवलेलं, सोर्सच्या रकान्यात ‘एनी’, म्हणजे कुठूनही, शेरा ‘टेम्प सपोर्ट’. त्यांच्या इंजिनिअरला घरबसल्या काम करता यावं म्हणून डिव्हाइस बसवलं त्या दिवशी उघडलेली ही वाट. पुढे ती बंद करायची तसदी कुणी घेतली नाही.

खरा धक्का त्याच्या पुढचा होता. आतल्या रूलमध्ये सगळ्यात वर एक ओळ होती: सोर्स एनी, डेस्टिनेशन एनी, सर्व्हिस एनी, अ‍ॅक्शन अलाऊ. तिच्याखाली छान नावं दिलेले, रंगीत लेबल लावलेले वीसेक रूल. ‘हिशेब विभाग वेगळा’, ‘पाहुण्यांचं वायफाय बंदिस्त’, ‘अनावश्यक पोर्ट बंद’. विक्रीच्या वेळी दाखवलेले ते हेच. प्रत्येक रूलसमोर हिट काउंट नावाचा रकाना असतो, त्या रूलला किती वेळा पॅकेट जुळलं ते सांगणारा. वरच्या एनी-एनीसमोर डोळे फिरवणारा आकडा, आणि खालच्या सगळ्या देखण्या रूलसमोर शून्य. बसवल्या दिवसापासून शून्य. पहिल्याच ओळीने सगळ्यांना आत सोडल्यावर खालच्यांची पाळी येणार कशी?

पैसे मात्र विभाग वेगळे केल्याचे घेतलेले. हे वेगळेपण शोभेसाठी नसतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो पोर्ट ४४५ वरून, एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर उड्या मारत. मायक्रोसॉफ्टचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) त्याच्या आधी मार्चमध्येच आला होता, पण ज्यांनी तो लावला नव्हता आणि ज्यांचं नेटवर्क आतून सपाट, म्हणजे विभाग न पाडलेलं होतं, त्यांच्याकडे एक मशीन पडलं की बाकीची लागोपाठ पडत गेली. आमचं नेटवर्क कागदावर चार भागांत होतं, प्रत्यक्षात एकच.

आता रिपोर्टबद्दल. गुळगुळीत पीडीएफ, पहिल्या पानावर लाखांत आकडा: ‘या महिन्यात रोखलेले हल्ले’. मालक मंडळी तो आकडा बघून खूश. कोणत्याही सार्वजनिक आयपी पत्त्यावर दिवसरात्र आपोआप स्कॅनिंग चालूच असतं. ते टाकून द्यायला कसलीही हुशारी लागत नाही, नव्या डिव्हाइसचा मूळचा शेवटचा नियमसुद्धा ते करतो. हा आकडा मिरवणं म्हणजे पाऊस पडल्याचं श्रेय छत्रीने घेणं. एवढ्यावर राहिलं असतं तरी अतिशयोक्ती म्हणून सोडून दिलं असतं. पण जुने रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की ‘सर्वाधिक वापर करणारी मशीन’ या तक्त्यातले पत्ते १०.२० ने सुरू होतात. आमच्याकडचं प्रत्येक मशीन १९२.१६८ मध्ये आहे, १० ची मालिका आम्ही कधी वापरलेलीच नाही. म्हणजे तो तक्ता दुसऱ्याच कुणाचा तरी होता, आणि वर आमचा लोगो चिकटवलेला.

मग एकेक धागा ओढत गेलो. डिव्हाइसचा सीरियल नंबर घेऊन उत्पादकाकडे चौकशी केली, तर नोंदणी आमच्या नावावर नव्हतीच, त्या कंपनीच्या नावावर होती. आयपीएस आणि अँटिव्हायरसचं लायसन्स केव्हाच संपलेलं. रिन्यूअलचं बिल मात्र आमच्याकडून वेळच्या वेळी वसूल. आमच्या डिव्हाइसमध्ये लायसन्स संपलं तरी साधं पॅकेट फिल्टरिंग चालू राहतं, फक्त नव्या सिग्नेचर येणं थांबतं. इंटरनेट चालू, दिवा हिरवा, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

विक्रीच्या वेळचा आणखी एक दावा होता, ‘डाउनलोड होणारी प्रत्येक फाइल आम्ही तपासतो’. हे पडताळणं अगदी सोपं आहे. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे मजकूर एन्क्रिप्टेड, मधल्या कुणाला न वाचता येणारा. तो तपासायचा तर फायरवॉलला मधेच उलगडावा लागतो आणि त्यासाठी तिचं स्वतःचं सर्टिफिकेट (ओळख पटवणारा डिजिटल दाखला) प्रत्येक मशीनवर टाकावं लागतं. ब्राउझरमध्ये साइटच्या सर्टिफिकेटचा तपशील उघडा. जारी करणाऱ्याच्या जागी फायरवॉलचं नाव दिसलं तर तपासणी होते आहे. तिथे मूळ सर्टिफिकेट संस्थाच दिसत असेल, तर त्या साइटवरून येणाऱ्या फाइलमध्ये काय आहे हे फायरवॉलला कळतच नाही. बँकेसारख्या काही साइट मुद्दाम वगळतात, म्हणून दोन-चार वेगवेगळ्या बघा. शिवाय आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते, अँटिव्हायरस जागा आहे का ते बघण्यासाठीच बनवलेली. आमच्याकडे ती बिनबोभाट उतरली.

कंपनीला फोन केल्यावर आधी ‘टीमशी बोलून कळवतो’, मग ‘एनी-एनी तुमच्याच सांगण्यावरून ठेवला होता’. तसं लेखी दाखवा म्हटल्यावर हात वर. अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला तर म्हणे ‘तो देणं आमच्या धोरणात बसत नाही’. शेवटी आम्ही ते डिव्हाइस काढून कपाटात ठेवलं आणि दुसरं बसवलं. त्यानंतरही त्यांचा महिन्याचा रिपोर्ट ठरलेल्या तारखेला आला. अपटाइम (डिव्हाइस चालू राहिल्याचा वेळ) १०० टक्के, रोखलेले हल्ले पुन्हा लाखांत. वकिलाने नोटिशीला सगळ्यात आधी जोडला तो हाच कागद. पासवर्ड त्यानंतर आठवड्याभरात मिळाला, पैसे अजून नाहीत.

नव्या कंपनीशी करार करताना आम्ही काही गोष्टी अडून लिहून घेतल्या. डिव्हाइस आणि लायसन्सची नोंदणी आमच्या नावावर. अ‍ॅडमिन खात्याची एक प्रत आमच्याकडे सीलबंद. कोणताही रूल बदलला तर कुणी, का आणि किती मुदतीसाठी याची नोंद, आणि ‘तात्पुरत्या’ रूलला संपण्याची तारीख. कॉन्फिगरेशनची (सगळ्या सेटिंगची) फाइल दर महिन्याला आमच्या हातात. लॉग डिव्हाइसच्या बाहेर, आमच्या जागेवर साठवलेले, कारण लहान डिव्हाइसमध्ये ते मेमरीतच राहतात आणि रीस्टार्ट झालं की गेले. बाहेरून पोर्ट स्कॅन (कोणती पोर्ट उघडी आहेत याची तपासणी) मात्र आम्ही तिसऱ्याच माणसाकडून करून घेतो. ज्याने काम केलं त्यालाच तपासायला सांगण्यात अर्थ नाही.

आणि तुम्हाला तुमच्या सध्याच्या कंपनीबद्दल असाच संशय असेल, तर आधी त्यांना फोन करू नका. आधी रूलची पूर्ण यादी, हिट काउंट आणि लायसन्सचं पान यांचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, रिपोर्टच्या मूळ ईमेल जपून ठेवा, सर्व्हरचे लॉग दुसरीकडे कॉपी करा. अ‍ॅडमिन खातं त्यांच्याच हातात असतं, ते कुठूनही लॉगिन करून सारवासारव करू शकतात. आम्ही सकाळी फोन केला आणि दुपारपर्यंत ‘टेम्प सपोर्ट’ची ओळ यादीतून गायब झाली होती.