काळा घोड्याला ‘फुकट’ स्केच काढायला बसू नका

गेल्या रविवारी आईला घेऊन काळा घोड्याला गेले होते. साताऱ्याहून आलीये ती, म्हटलं मॉल नको, जरा कल्चरल काहीतरी दाखवू. रविवार म्हणजे मेगाब्लॉक आलाच, डोंबिवलीहून सीएसएमटी गाठेपर्यंत अर्धा जीव गेला. मग छत्रपती शिवाजी महाराज म्युझियम, तिथे घुमटाखाली आई मान वर करून पाच मिनिटं उभी (त्याच्या आतल्या कमानी विजापूरच्या गोलघुमटावरून घेतल्यात), मग जहांगीर आर्ट गॅलरी, मग तो काळ्या घोड्याचा पुतळा. आई म्हणे, यावरचा माणूस कुठेय? सातव्या एडवर्डसकटचा जुना पुतळा १९६५ सालीच हलवला, आता राणीच्या बागेत आहे, हा २०१७चा, बिनस्वाराचा.

तर पाय दुखले म्हणून कट्ट्यावर टेकलो आणि समोर एक मुलगा, पॅड घेऊन, "मावशी हलू नका, फेस एकदम क्लासिक आहे, स्टुडंट आहे मी, प्रॅक्टिस करतोय, पैसे नकोत." आई पदर सावरून अशी काही बसली की मला नाही म्हणवेना. पाच मिनिटांत पोर्ट्रेट तयार, मीपण त्यात, मला कोणी विचारलंच नव्हतं! मग सुरू, एका फेसचे पंधराशे, दोन फेस, तीन हजार, पेपर इम्पोर्टेड आहे ताई. मी म्हटलं तू फुकट म्हणालास ना, तर आवाज चढवला, "गरीब आर्टिस्टची मेहनत खाता?" अजून दोघं कुठूनतरी येऊन उभे राहिले, लोक बघायला लागले, आई घाबरली, शेवटी दोन हजारावर आणून क्यूआर स्कॅन केला. नाव आलं कुठल्यातरी मोबाईल रिपेअरिंगचं. आता तक्रार तरी काय करणार, पिन मीच टाकलाय.

फुटपाथवर चित्रं लावून बसणाऱ्या एका काकांना दाखवलं, ते म्हणाले हा आमच्यातला नाही, आम्ही रेट आधी सांगतो मग पेन्सिल उचलतो. त्यांनीच दाखवलं, चेहरे आधीच अर्धे काढून ठेवलेले असतात, समोर बसल्यावर फक्त चष्मा, टिकली, केस. खरंच की, आईच्या गालावरचा तीळ गायब, आणि नाकात नथ, जी तिने लग्नानंतर कधी घातली नाही!

वर फिक्सेटिव्ह (चारकोल पुसू नये म्हणून मारतात तो स्प्रे) मारलेलंच नाही, ट्रेनच्या गर्दीत ठाण्यापर्यंत चारकोल सगळा माझ्या कुर्त्यावर. आई म्हणाली, जाऊ दे गं, पुसली ती मी नव्हतेच.