मोनोब्लॉकच्या नावाखाली ३६,३२० रुपये: नुसता ३७६ नंबर बघून पैसे देऊ नका

कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर, ३१,५०० रुपये. कुरिअर ६४०. तो चालेल या आशेवर त्यात घातलेले जेट, नीडल, वॉशर ४,१८०. एकूण ३६,३२० रुपये गेले, आणि हातात आलेला अमल कंपनीचा मोनोब्लॉक कार्ब १९५६ च्या ट्रायम्फ टायगर ११० या ६५० सीसी मोटारसायकलचा नाहीच. मूळ नंबर कानशीने घासून काढलाय, त्यावर नवे आकडे ठोकलेत, बोअर म्हणजे हवेच्या वाटेचा आतला व्यास लहान आहे. विकताना मात्र ‘पेटीबंद जुना स्टॉक, हात न लागलेला’.

आंधळेपणाने घेतला असं कुणी म्हणू नये. बॉडीवरचा नंबर पार्ट्स बुकाशी ताडून पाहिला होता. स्लाइडचा, म्हणजे थ्रॉटलबरोबर वरखाली होणाऱ्या भागाचा, फोटो मागवला, तिला लटकणाऱ्या नीडलचा मागवला. सगळं जुळत होतं, कारण बदमाशाने आधीच जुळवून ठेवलं होतं.

गोम इथे आहे. मोनोब्लॉकचे तीन साइझ: ३७५, ३७६ आणि ३८९. यातला ३७६ तीन बोअरमध्ये येतो: १५/१६ इंच, १ इंच आणि १-१/१६ इंच, म्हणजे साधारण २३.८, २५.४ आणि २७ मिमी. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. ‘३७६/३½’ छापलेली स्लाइड तिन्हींत बसते, कारण तिरक्या रेषेनंतरचा आकडा फक्त कटअवे, म्हणजे स्लाइडच्या तळाचा काप, सांगतो, तोही इंचाच्या सोळाव्या भागांत. नीडलवरचं ‘सी’ अक्षरही तिन्हींना तेच. म्हणजे स्लाइड आणि नीडल अस्सल असूनही बोअरबद्दल काहीच कळत नाही. बॉडीवर तिरक्या रेषेपुढे जो आकडा असतो, तोच कार्ब कोणत्या गाडीच्या सेटिंगचा ते सांगतो, आणि नेमका तोच आकडा खोटा होता. लहान इंजिनाचा १५/१६ चा कार्ब घ्यायचा, नंबर उडवायचा, ६५० चा नंबर ठोकायचा आणि तिप्पट भाव लावायचा. धंदा एवढाच.

आणि तो फोटो. बोअर मोजून दाखवा म्हटल्यावर विकणाऱ्याने व्हर्निअर लावलेला फोटो पाठवला, डिस्प्लेवर २७.०. आता तो फोटो पाहिला की जीव जळतो. व्हर्निअरचे जबडे एअर फिल्टरच्या बाजूच्या तोंडात आहेत! ते तोंड मुळातच कर्ण्यासारखं पसरट असतं, तिथे २७ येणारच. फ्लँजची, म्हणजे इंजिनाला बसणारी, बाजू फोटोत नाहीच. त्या एका फोटोवर १०,००० आगाऊ गेले आणि माल निघण्याआधी उरलेले २१,५००. माप नेहमी फ्लँजच्या बाजूने घ्यायला लावा, तेही कडेला नाही, आत स्लाइडजवळ. कड कुणीही खरवडून मोठी करू शकतो.

३७६ चा बोअर १-१/१६ ऐवजी १५/१६ असला की हवेचा मार्ग क्षेत्रफळाने सुमारे २२ टक्के कमी होतो. गाडी सुरू होते, आयडलही धरते, गल्लीत छान पळते. चढावर किंवा पूर्ण थ्रॉटलला मात्र श्वास कोंडतो. मग माणूस मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य भोक, मोठा करत जातो. जेटवरचा आकडा मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं तो असतो. तो वाढवून हवा वाढत नाही, नुसता प्लग काळा होतो. ते ४,१८० रुपये असेच गेले.

नंबर खोटा ओळखायचा तर टॉर्च आडवा धरा. घासलेली पट्टी मध्ये किंचित खोलगट दिसते, कडा गोल होतात, आकड्यांभोवती उचललेला धातू ताजा चकाकतो. पूर्ण बॉडी बीड ब्लास्ट, म्हणजे बारीक मण्यांचा मारा करून साफ, केलेली असेल तर जास्तच सावध राहा, कानशीच्या खुणा लपवायला हाच सोपा उपाय. शिवाय ते मणी पायलटच्या, म्हणजे आयडलचं पेट्रोल नेणाऱ्या, बारीक वाटांत अडकतात आणि गाडी आयडलच धरत नाही. ओरिजिनल बॉडी झिंकच्या मिश्रधातूची, हाताला जड लागते. हलकी लागली तर ती अॲल्युमिनियमची नक्कल.

नीडल ज्यात सरकते त्या नीडल जेटवर १०६ आहे म्हणून खूश होऊ नका, झिजून मोठा झालेला असतो. ३६ नंबरच्या ड्रिलचा दांडा ०.१०६५ इंचाचा असतो, तो घालून बघा. नीट सरकला तर ठीक, डुलला तर जेट गेला. फ्लँजवर सरळपट्टी आणि फीलर गेज लावायलाच हवं. नट जास्त आवळून फ्लँज वाकलेला असतो, मग बसवल्यावर स्लाइड अडकते.

सालाची गल्लत हा आणखी एक सापळा. मोनोब्लॉक गाड्यांवर आला तो १९५५ च्या आसपास. त्याआधीच्या अमलला फ्लोट चेंबर वेगळं असायचं. १९५० च्या गाडीवर मोनोब्लॉक लावून कुणी ‘ओरिजिनल’ म्हणत असेल तर निघून या. १९५२ ते १९५८ च्या ट्रायम्फ थंडरबर्डला तर अमल नव्हताच, एसयू या दुसऱ्या कंपनीचा कार्ब होता. आज इंग्लंडमध्ये नव्याने बनणारा अमल वाईट नाही, उलट झिजलेल्या जुन्यापेक्षा बरा, पण तो नवा म्हणूनच विकला पाहिजे.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: ‘हा दिवाणी मामला आहे.’ नंबर घासून दुसरा ठोकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) मग कशासाठी आहे? त्यावर पोलीस: ‘कार्ब मिळाला ना? मग फसवणूक कसली?’ १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर तेच उत्तर, वस्तू पोचली आहे, हा सायबर गुन्हा नाही. बँक म्हणते यूपीआय पिन तुम्हीच टाकलात, समोरच्याचं नाव-पत्ता हवा असेल तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हाच नोंदलेला नाही तर पत्र कशाचं? ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे सगळं खरं. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि समोरचा ‘मी व्यापारी नाही, घरातली वस्तू विकली’ म्हणून हात वर करतो. प्रत्येक खिडकीवर पुढच्या खिडकीचा पत्ता मिळतो, आणि तोवर तो माणूस पुढचा कार्ब विकून मोकळा. ठाण्याने नोंद नाकारली तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवा आणि पोच ठेवा. तिथेही हललं नाही तर पुढे न्यायदंडाधिकारी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ही वाट आहे.

पार्सल उघडताना न थांबता व्हिडिओ काढा. पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून ‘बोअर अमुक, नंबर मूळ, दुरुस्त केलेला नाही’ एवढं मेसेजवर लेखी घ्या, फोनवरचं बोलणं कुणी धरत नाही. बिल देत नाही म्हणाला की तिथेच सोडा.

आकडे ठोकायच्या याच पंच सेटचे आणखी कार्ब बाजारात असणारच. खूण सांगतो: ७ डावीकडे कललेला आहे, ६ चं पोट खाली नीट मिटलेलं नाही, आणि तिरकी रेष आकड्यांपेक्षा खोल गेली आहे. असा नंबर दिसला तर फोटो आणि विकणाऱ्याचा यूपीआय आयडी जपून ठेवा. दोन-चार जणांच्या तक्रारी एकत्र गेल्या तर ठाण्यात ‘दिवाणी’ म्हणायला तोंड राहणार नाही.