दसऱ्याला दुचाकी घ्यावी की डिसेंबरअखेर?

दसऱ्याला नाशिकच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. घासाघीस ऐकणार कोण? फार तर सीट कव्हर, लेगगार्ड पदरात पडतं.

डिसेंबरअखेर डीलर नमतो, कारण वर्ष बदललं की तीच गाडी ‘मागच्या वर्षीची’ ठरते. एक्स-शोरूमवर, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीवर, अडून बसू नका. ऑन-रोड (कर, नोंदणी, विमा धरून) कोटेशन लेखी घ्या, ‘हँडलिंग’ या डीलरच्या वरकड आकाराची ओळ खोडायला लावा. विमा बाहेरूनही काढता येतो. बाहेरचा आकडा समोर ठेवला की डीलरचाही उतरतो. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा ५ वर्षांचा लागतोच, ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) १ वर्षाचा पुरतो.

मात्र आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं. दोन वर्षांत विकणार असाल तर सगळी सूट तिथेच जिरते.

मुहूर्त हवाच? मग पितृपक्षात, काउंटर ओस असताना भाव ठरवून बुकिंग करा, डिलिव्हरी दसऱ्याला.