मधमाशीवाला महागडा चाकू : वर्षभर खिशात वागवून बघितला

आधीच सांगतो, हा चाकू मी विकत घेतलेला नाही. भावजी कंपनीच्या कामानं फ्रान्सला गेलेले, येताना माझ्यासाठी हा लागिओल चाकू घेऊन आले (चेक-इन बॅगेतून, हातातल्या बॅगेत घातला असता तर तिकडंच राहिला असता) आणि डबी हातात द्यायच्या आधी एक रुपया मागून घेतला. तिकडं म्हणे चाकू फुकट दिला तर नातं तुटतं, म्हणून घेणाऱ्यानं नाणं द्यायचं. आपल्याकडं रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होतं म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. तर मला तो एक रुपयाला पडला, पण बिल डबीतच राहिलेलं, त्यामुळं खरा आकडा कळला. एकशे साठ युरो, म्हणजे तेव्हाच्या भावानं आपले चौदा-पंधरा हजार. बायको म्हणाली, एवढ्यात दोन मिक्सर आले असते.

मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, दिवसभर लोखंडाशीच गाठ, त्यामुळं हातात आल्या आल्या पहिलं काम म्हणजे वर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. बंद चाकू 120 मिमी, बरोब्बर. मूठ शिंगाची, एका अंगाला पिवळसर आणि दुसऱ्याला काळपट, आणि शिंग जिथं पितळेला भिडतं तिथं नख फिरवलं तरी जोड लागत नाही, हे काम हातानं केलेलं आहे हे बघितल्यावरच कळतं. पाठीवरच्या स्प्रिंगवर मधमाशी कोरलेली. मुठीत बारीक खिळ्यांचा क्रूस आहे, मेंढपाळ लोक रानात चाकू पावात उभा खोचून त्याच्यासमोर प्रार्थना करायचे असं सांगतात. लागिओल हे कंपनीचं नाव नाही बरं का, दक्षिण फ्रान्समधलं गाव आहे, तिथले लोक त्याला लायोल म्हणतात, आणि 1829 च्या सुमारास तिथं हा चाकू जन्माला आला. आपल्याकडं रामपुरी म्हणतात तसंच, गावाचं नाव चाकूला चिकटलं.

दिसायला एक नंबर, यात वादच नाही. पण मला बघायचं होतं की रोज खिशात ठेवायला हा परवडतो का. पैशानं नाही, डोक्याला.

पहिली अडचण बंद करताना. याला लॉक नाही, पाठीची स्प्रिंग पातं धरून ठेवते, आणि पातं खटकन सोडलं तर धार आतल्या स्प्रिंगवर आपटून बोथट होते. म्हणजे दर वेळी बोटानं धरून हळूच मिटायचा, झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार लावल्यासारखा. घरी आंबा कापताना ठीक आहे, शॉपमध्ये एका हातात पार्सल, दुसऱ्यात फोन, वर सुपरवायझर हाका मारतोय, तेव्हा कोण एवढं जपणार. पातंही निमुळतं, फळ-भाकरीसाठी झकास, पॅकिंगची पट्टी कापायला घातलं की मन खातं. त्यात तो चिल्लर-किल्ल्यांच्या खिशात टाकायचा नाही, शिंगाला चरे पडतात, म्हणून त्याला वेगळी चामड्याची पिशवी, म्हणजे चाकू सांभाळायचा आणि पिशवीही सांभाळायची.

एकदा एका सरकारी कचेरीत गेलो, दारावरच्या माणसानं ट्रेमध्ये काढून ठेवायला लावला. त्याचं काही चुकलं नाही, पण आत अर्धा तास साहेब काय सांगत होते ते एक अक्षर डोक्यात गेलं नाही, सगळं लक्ष त्या ट्रेवर. तीनशेचा चाकू असता तर विसरूनही आलो असतो.

आणि मग फणस. मे महिन्यात जांबोटीकडं मामांच्या घरी गेलो होतो, चाकू कट्ट्यावर ठेवून आंघोळीला गेलो, परत येऊन बघतो तर मामा माझ्या मधमाशीनं फणस सोलतायत. मी ओरडलो तर शांतपणे म्हणाले, "फणस कापूलालो की रे, चाकू कापायलाच असतोय न्हवं?" आता याला उत्तर काय देणार. चीक पात्याच्या बिजागरीत, स्प्रिंगच्या खाचेत, त्या क्रूसाच्या खिळ्यांभोवती, सगळीकडं. एक अख्खा रविवार खोबरेल तेल, जुना टूथब्रश आणि दात कोरायच्या काड्या घेऊन बसलो. निघाला सगळा, पण मधमाशीच्या पंखाखाली अजून एक काळी रेघ आहे, कुणाला दिसत नाही, मला दिसते.

बरं, स्टीलचं म्हणाल तर गंमत आहे. माझ्या लागिओलचं पातं सँडविक या स्वीडिश कंपनीच्या 12सी27 नावाच्या स्टीलचं आहे. आणि फ्रान्सच्याच ऑपिनेल कंपनीचा स्टेनलेस 8 नंबरचा साधा चाकू येतो, दोन हजारांच्या आत-बाहेर, त्याचंही पातं त्याच 12सी27 च्या घराण्यातलं. म्हणजे धारेत फरक शोधून सापडत नाही, मी दोन्ही एकाच दगडावर 1000 ग्रिटवर घासून बघितलेत. वरचे बारा-तेरा हजार शिंगाचे, मधमाशीचे आणि त्या कारागिराच्या हाताचे. ते पैसे चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही, फक्त ते कापायचे पैसे नाहीत.

त्या ऑपिनेलचं ऐका. 1890 पासूनचा, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ, साडेआठ सेंटीमीटरचं पातं आणि मानेशी फिरवायची एक कडी, ती फिरवली की पातं लॉक. ही कडी 1955 ची, एवढी साधी की आमच्या लेथवर दुपारभरात होईल. दोष एकच, आपला पाऊस. जुलैत बेळगावात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, लाकूड फुगतं आणि पातं आत गच्च अडकतं. त्यावर तिकडच्या, ऑपिनेलच्या मूळ सावोय भागातल्या लोकांचाच उपाय आहे, मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं थोडं बाहेर येतं. मी व्हाइसवर ठोकतो.

शॉपमधल्या मित्राकडं व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा 84 मिमीचा कॅडेट चाकू आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचा, तोही रोजच्याला उत्तम, फक्त फार शहाण्यासारखा वाटतो. आणि एकाचा सेबेंझा नावाचा अमेरिकन चाकू हातात घेऊन बघितलाय, चारशे डॉलरच्या वरचा, टायटॅनियमचा, फिटिंग बघून तोंडात बोट गेलं. सेबेंझा म्हणजे झुलू भाषेत काम. आता त्या चाकूचा मालक त्यानं काय काम करतो विचारलं, तर पाकिटं फोडतो.

कायद्याचं बरेच जण विचारतात. शस्त्र नियमांत घरकाम-शेतीची सोडून नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पाती शस्त्रांत मोडतात, हे खिशातले चाकू त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. तरी गणपतीच्या मिरवणुकीत, जमावबंदी असताना, कोर्टात जाताना घरी ठेवा, तिथं कुणी वर्नियर लावून बघत नाही.

भारी चाकू रोज खिशात परवडत नाही हे माझं मत, पण एक गोष्ट त्याच्या विरुद्ध जाते, तीही सांगतो. आमच्या आजोबांकडं पितळी आडकित्ता होता, मोराचा, चांगला नक्षीदार. त्या काळात तीच शौकीन माणसाची खिशातली चैन. आजोबांनी तो रोज वापरला, चंचीत सुपारी-चुन्याबरोबर कोंबला, आल्यागेल्याला दिला, आणि मोराची चोच झिजून सपाट झाली. त्यांना कधी त्याचं वाईट वाटलेलं मी बघितलं नाही. म्हणजे भारी वस्तू रोज वापरता येते, माणूस तसा पाहिजे. मी नाही तसा, मला ती काळी रेघ अजून टोचते.

तुम्हाला घ्यायचाच असेल तर नुसत्या लागिओल या नावावर जाऊ नका, ते नाव आणि ती माशी ठोकून चीनमधूनही ढिगानं माल येतो. पातं कुठं घडवलं, कुणी घडवलं ते विचारा, आणि बंद चाकू उजेडाला धरून स्प्रिंग आणि मुठीतली फट बघा, चांगल्या चाकूत उजेड दिसत नाही.

सध्या खिशात ऑपिनेल. लागिओल कपाटात, आडकित्त्याच्या शेजारी, आंब्याच्या दिवसांत रविवारी बाहेर निघतो. आणि भावजी दिवाळीला येतात तेव्हा सकाळी आठवणीनं खिशात टाकतो.