‘लेगसी कॉन्टॅक्ट’: उपयोगी सुविधा, पण वेळेत सुरू केली तरच

दिवंगत आप्ताचा आयपॅड घरातल्या दुसऱ्या कोणाला वापरायला द्यायचा असेल, तर डिसेंबर २०२१ मध्ये आलेली ॲपलची ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ (आपल्या मृत्यूनंतर खाते पाहू शकणारी व्यक्ती आधीच नेमून ठेवण्याची) ही सुविधा खरोखर उपयोगी पडते. अट एवढीच, की खातेदाराने ती हयातीतच सुरू केलेली हवी. नेमलेल्या व्यक्तीने ॲक्सेस की (नेमणूक करताना तयार होणारा संकेत; त्याचा क्यूआर कोड कागदावर छापून ठेवता येतो) आणि मृत्यूचा दाखला सादर केला, की पडताळणीनंतर ॲक्टिव्हेशन लॉक (आयपॅड मूळ खात्याशी बांधून ठेवणारे कुलूप) निघते. पासकोड मात्र ॲपललाही काढता येत नाही. तो ठाऊक नसेल, तर आयपॅड पूर्ण पुसावा लागतो आणि केवळ त्यातच साठवलेले फोटो, म्हणजे बहुधा जे हवे असतात तेच, कायमचे जातात. विकत घेतलेली पुस्तके वारसाला मिळत नाहीत, हे मला खटकते.